बोकड टांगून सोलण्याची सोय

जत्रेस अगर घरच्या कार्यास कापलेला बोकड पोत्यावर पाडून सोलण्याची वहिवाट पुष्कळ गांवीं आहे. तीमुळें मांसास माती लागते, पण अधिक नुकसान कातड्याचें होतें. आडव्या धडावरील कातडें एकसारखें ताणून धरतां येत नाहीं. म्हणून सोलणारा, मग तो कितीही वाकबगार असो, पदोपदीं सुरी घालतो व आंतील बाजूस चिरा पडतात. व्यापारी त्याच चिरांकडे बोट दाखवून भाव पाडतो. धड टांगलें म्हणजे कातडें हाताच्या ओढीनें सुटतें व सुरीचें काम थोडें उरतें.

शिकारी लोक हरीण याच रीतीनें टांगीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ सालची दुरुस्ती यांमुळें ती शिकार आपल्याकडे आतां गुन्हा आहे. साधन मात्र बोकडास व मेंढ्यास तितकेंच उपयोगी.

सुमारें ११ फूट लांबीचे, मनगटाहून जाड असे तीन सरळ वासे घ्यावे. शेंड्यापासून फूटभर खालीं ते दोरीच्या एकाआड एक वेढ्यांनीं बांधून तिकाटी उभी करावी. पायांत परस्परांपासून सात फुटांचें अंतर असावें. भार पडतांच पाय बाहेर सरकूं पाहतात. याकरितां प्रत्येक पाय वीतभर खड्ड्यांत रोवावा. फरसबंदी असल्यास तिन्ही पाय दोरीनें एकमेकांस जखडावे.

शेंड्यास विहिरीची कप्पी चालते. मात्र एका कप्पीनें श्रम कमी होत नाहींत, ओढण्याची दिशा तेवढी बदलते. ३० किलोच्या धडास निदान ३० किलोचीच ओढ लागते, आणि धड व ओढ मिळून शेंड्यावर दुप्पट भार येतो. वासे निवडतांना हें विसरूं नये. धडाबरोबर वर सरकणारी दुसरी कप्पी जोडल्यास ओढ जवळजवळ निम्मी होते. दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो.

मागील पायांची धोंडशीर व हाड यांमध्यें छेद घेऊन त्यांत दोन फुटांची, दोन्ही टोकांस खांचा असलेली आडकाठी घालावी. धोंडशीर तुटली कीं धड खालीं आलेंच.

अकस्मात् मेलेलें, नाकातोंडांतून वा गुदद्वारांतून काळें, न गोठणारें रक्त आलेलें जनावर मात्र टांगूं नये व सोलूंही नये. तो काळपुळीचा, म्हणजे फाशीचा रोग असूं शकतो. धड उघडल्यास त्याचे जंतु हवा लागून टिकाऊ बीजरूप घेतात व जमिनींत वर्षानुवर्षें राहतात. माणसासही तो रोग जडतो. पशुवैद्यास कळवून धड न उघडतां खोल पुरावें.

धड ऊन असतांनाच सोलण्यास लागावें, निवल्यावर कातडें चिकटतें. मांड्यांच्या आंतून व पोटाच्या मध्यावरून एकच सरळ रेघ कापावी. पुढें कातडें व मांस यांमध्यें मूठ दाबीत खालीं उतरावें. शेपटीच्या बुडाशीं व पुढच्या पायांपाशीं सुरी लागेल. काम छातीच्या उंचीवर राहील असें धड हळूहळू वर घ्यावें.

उतरलेलें कातडें सावलींत निववून त्याच दिवशीं आंतील बाजूस वजनाच्या सुमारें ४० टक्के मीठ चोळावें. तापल्या भुईवर पसरल्यास तें वरून कडक होतें व आंतून कुजतें.