रुमालातले ठिपके आणि विकराचा आकार

आज रात्री एक सोपा प्रयोग करून पाहा. तलम रुमाल डोळ्यांसमोर ताणून धरा आणि त्यातून रस्त्यावरच्या दूरच्या दिव्याकडे पाहा. एका दिव्याच्या जागी अनेक ठिपके रांगेत मांडलेले दिसतील. रुमाल फिरवा, ठिपकेही फिरतील. वीण जितकी बारीक, तितके ठिपके एकमेकांपासून दूर. म्हणजे धागे न पाहता, नुसत्या ठिपक्यांच्या अंतरावरून विणीचे माप काढता येते! प्रकाशाच्या या वागण्याला विवर्तन म्हणतात.

याच युक्तीने शास्त्रज्ञ विकरांचा आकार शोधतात. विकरे म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत डीएनए पॉलिमरेज-१ नावाचे विकर असते. डीएनएच्या साखळीत आनुवंशिक माहिती चार रासायनिक 'अक्षरां'त लिहिलेली असते. हे विकर जुनी साखळी समोर ठेवून तिला जुळणारे एकेक अक्षर जोडते. आर्थर कोर्नबर्ग यांनी ते शोधून काढले. १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की चुकीचे अक्षर लागले तर हेच विकर ते खोडतेही! मग लिहिण्याची आणि खोडण्याची जागा एकच, की वेगवेगळी?

सूक्ष्मदर्शकातून पाहावे, तर अडचण येते. मिलिमीटरचे एक कोटी भाग केले, तर एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. जोडलेल्या अणूंमधील अंतर एक-दोन अँगस्ट्रॉम असते, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम! हे म्हणजे मुसळाच्या टोकाने मोहरीचा आकार चाचपण्यासारखे झाले. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र दीड अँगस्ट्रॉम असू शकते. पण त्यांच्यापासून अणूंचे चित्र उभे करील असे भिंग नाही.

म्हणून रुमालाची युक्ती. विकराचा स्फटिक बनवायचा. त्यात रेणू कापडाच्या धाग्यांसारखे ओळीने रचलेले असतात. क्ष-किरण त्यातून गेले, की हजारो ठिपके मिळतात. त्यांची तीव्रता मोजता येते. पण तरंग पोचला तेव्हा त्याचा उंचवटा होता की खळगा, हे ठिपका सांगत नाही. तरंगाच्या या स्थितीला कला म्हणतात. ती शोधण्यासाठी स्फटिकात पाऱ्यासारखे जड अणू बसवतात व ठिपक्यांत काय फरक पडला ते पाहतात. मग गणिताने इलेक्ट्रॉनांच्या दाटीचा नकाशा तयार होतो आणि त्यात अमिनो आम्लांची साखळी बसवतात.

कोर्नबर्ग यांचे विकर ९२८ अमिनो आम्लांचे आहे. दुसऱ्या एका विकराने ते कापले, की ६०५ अमिनो आम्लांचा मोठा तुकडा मिळतो. त्याला लिहिताही येते आणि खोडताही येते. अमेरिकेतील येल विद्यापीठात थॉमस स्टाइट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली या तुकड्याची रचना प्रसिद्ध केली. नकाशा ३.३ अँगस्ट्रॉमपर्यंतचा होता. सुटे अणू दिसत नव्हते, पण साखळीची वळणे कळत होती.

तुकड्याचे दोन विभाग दिसले. मोठ्या विभागात दुपदरी डीएनए मावेल एवढी खोल खाच होती. शास्त्रज्ञ त्याला अर्धवट मिटलेल्या उजव्या हाताची उपमा देतात : तळवा, बोटे आणि अंगठा. लहान विभागात डीएनएचे एक सुटे अक्षर बसलेले आढळले. खोडताना अक्षरे अशीच सुटी होतात. म्हणजे लिहिणे मोठ्या विभागात आणि खोडणे लहान विभागात होत असावे!

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. १९८६ साली त्याच गटाने जीवाणूंकडून फक्त मोठा विभाग तयार करून घेतला. तो लिहू शकला. खोडू मात्र शकला नाही. अंदाज खरा ठरला.

पुढे २००९ साली रायबोसोमच्या रचनेसाठी स्टाइट्झ यांना भारतात जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन व इस्रायलच्या अडा योनाथ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. तेथेही हाताशी होते ते स्फटिक आणि ठिपकेच. आता संगणक प्रथिनांच्या आकाराचे चांगले अंदाज बांधतात. तरी अंदाज प्रयोगाने पडताळण्याचा नियम बदललेला नाही. तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका. रुमाल घ्या आणि ठिपके स्वतः पाहा!