स्लॅबच्या पोटातला गंज

रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. १९८३ साली वडिलांनी तिथलं कौलारू घर उतरवून स्लॅबचं घर बांधलं. दरवर्षी कौलं चाळायची कटकट संपली म्हणून घरात पेढे वाटल्याचं मला आठवतं. वाळू समोरच्या पुळणीवरची. बैलगाडीचं भाडं सोडलं तर फुकट. पाणी घरच्या विहिरीचं, जरा मचूळ. यात काही चुकतंय असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. सगळा गाव तसाच बांधत होता.

२००४च्या मे महिन्यात ओटीच्या छताला एक सरळ, बारीक चीर दिसली. तिच्या कडेने तांबूस ओघळ आला होता. तोवर मला स्थापत्य अभियंता होऊन दहा वर्षं झाली होती. तरी मी काय केलं? गवंडी बोलावला, फुगलेला भाग पाडला, सळई तारेच्या ब्रशने वरवर घासून घेतली, वर सिमेंटचा गिलावा मारला आणि चुना फासला. आठ वर्षांनी एका पहाटे ताटाएवढा काँक्रीटचा तुकडा खाली आला, तो नेमका झोपाळ्यावर. आत्या रोज त्या वेळी तिथे जप करीत बसायची. त्या दिवशी दूधवाल्याने हाक मारली म्हणून ती दाराशी गेली होती. आणि तुकडा पडला तो माझ्या ठिगळाचा नव्हे, ठिगळाच्या शेजारचा. असं का झालं, हे सांगण्यासाठी थोडं सळईच्या बाजूने पाहावं लागेल.

ओलं सिमेंट हाताळून गवंड्याची बोटं सोलवटतात, हे आपण पाहतो. सिमेंट अतिशय अल्कधर्मी असतं, म्हणून. बोटांना जाचणारा हाच गुण लोखंडाला मात्र मानवतो. अशा अल्कधर्मी वातावरणात सळईवर डोळ्यांना न दिसणारी एक पातळ साय धरते आणि ती शाबूत आहे तोवर सळई गंजत नाही. काँक्रीट सळईला नुसतं झाकत नाही, तिला सांभाळतं.

ही साय दोन गोष्टी मोडतात. पहिली म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो काँक्रीटमध्ये वरून हळूहळू मुरतो आणि त्याचा अल्कधर्म मारत जातो. दुसरी गोष्ट मीठ. मिठातलं क्लोराइड अल्कधर्माला हात न लावताच त्या सायीला भोकं पाडतं. किनाऱ्यावर ते खाऱ्या वाऱ्याबरोबर बाहेरून येतंच. आम्ही तर ते वाळूबरोबर आतच कालवलं होतं.

साय फाटली की त्याच सळईवर टॉर्चच्या सेलसारखा कारभार सुरू होतो. एका जागी लोखंड विरघळतं, दुसऱ्या जागी पाणी आणि प्राणवायू त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन घेतात आणि दमट काँक्रीट मधला दुवा होतं. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. डब्यात ठासून भरलेले हरभरे भिजून फुगावेत, तसा तो आतून रेटतो. म्हणून चीर नेमकी सळईच्या रेषेत पडते. वेड्यावाकड्या चिरा बहुधा गिलाव्याच्या असतात. सळईसारखी सरळ चीर दिसली, की थांबून पाहावं.

पाहायचं कसं? पहिलं हत्यार म्हणजे साधी हातोडी. बाजारात मडकं आपण वाजवूनच घेतो ना? तसंच छत टिचकत जायचं. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर आतला थर सुटलेला आहे. दुसरी चाचणी आपण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेल्या फिनॉल्फ्थॅलिनची. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते फवारलं आणि गुलाबी रंग आला, तर अल्कधर्म टिकून आहे. रंगच आला नाही, तर तिथवर हवा पोचली आहे.

तुकडा पडल्यावर मी हीच चाचणी केली. रंग सुरेख गुलाबी आला आणि क्षणभर मला हायसं वाटलं. पण हे रसायन मिठाबद्दल काहीच बोलत नाही. त्यासाठी काँक्रीटला वेगवेगळ्या खोलीवर भोकं पाडून भुकटी प्रयोगशाळेत द्यावी लागते. शिवाय विजेच्या दाबाची एक चाचणी आहे. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याची कांडी बुडवलेली एक नळी असते. व्होल्टमीटरचं एक टोक उघड्या सळईला, दुसरं या नळीला जोडायचं आणि नळीचं ओलं तोंड स्लॅबवर ठिकठिकाणी टेकवत जायचं. आकडा उणे २००च्या अलीकडे राहिला, तर गंज नसण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर. उणे ३५० मिलीव्होल्टच्या पलीकडे गेला, तर गंज असण्याची शक्यता तेवढीच. आमच्या ओटीवर आकडा उणे ३५० ओलांडून गेला, आणि तोही जिथे अजून साधी चीरसुद्धा नव्हती अशा जागी.

न दिसणारा गंज काय करतो, हे गोव्याने पाहिलं आहे. पणजीचा मांडवी नदीवरचा पूल बांधून वीस वर्षंही झाली नव्हती, तो १९८६च्या ५ जुलैला कोसळला. काँक्रीटला आवळून धरणाऱ्या पोलादी केबल आत गंजल्या होत्या.

आता माझ्या ठिगळाची गोष्ट. गंजणारी जागा स्वतः झिजते, पण तेवढ्या काळात तिच्यामुळे शेजारची सळई वाचत असते. मी नेमकी ती जागा नव्या, बिनमिठाच्या सिमेंटने झाकली. शेजारी मात्र तेच खारट काँक्रीट होतं. झिजण्याची पाळी मग त्याच्यातल्या सळईवर आली. हे टाळण्यासाठी ठिगळाच्या कडेला सळईला जस्ताचे छोटे ठोकळे बांधतात. जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. युक्ती जुनी आहे: १८२४ साली हम्फ्री डेव्हीने जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा याच रीतीने वाचवून दाखवला होता. आपली जस्ताची बादली ओरखडा उठला तरी लगेच गंजत नाही, ती याचमुळे. कल्हईचं तसं नाही. ती नुसतं पांघरूण घालते, निघाली की आमटी कळकलीच.

दुरुस्ती करायचीच, तर आधी स्लॅबला टेकू देऊन खराब काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढावं, सळई चहूबाजूंनी चकचकीत होईतो साफ करावी, फार झिजली असेल तर जोडीला नवी द्यावी, आणि मगच भरावं. खर्च गिलाव्याच्या कितीतरी पट येतो. म्हणून तर सगळे गिलावा मारतात!

नवं घर बांधणाऱ्यांना एवढंच सांगेन, की स्लॅब ओतायच्या दिवशी सेंटरिंगवर स्वतः चढा आणि सळईखालचे कव्हर ब्लॉक मोजा. किनाऱ्यावर उघड्या असणाऱ्या काँक्रीटमध्ये सळईवर ४५ मिलिमीटर आवरण हवं, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या ओटीला ते जेमतेम १५ निघालं. हवा काय किंवा मीठ काय, जितकं खोल जायचं तितकं सावकाश जातं. त्यामुळे आवरण निम्मं झालं, तर आयुष्य निम्मं होत नाही. साधारण पावच उरतं. वाळू नदीची किंवा दगड दळून केलेली घ्या, आणि पाणी आधी तपासून घ्या.

ओटीचा स्लॅब आम्ही शेवटी पाडला आणि तिथे पुन्हा कौलं चढवली. झोपाळा आता लाकडी बहालाला टांगलाय. मागच्या खोल्यांचा स्लॅब मात्र जुनाच आहे. दर मे महिन्यात गावी गेलो की पहिल्या सकाळी मी हातोडी घेऊन स्टुलावर चढतो, आणि आत्या खाली उभी राहून कान देते. यंदा माजघराच्या कोपऱ्यात दोन ठिकाणी बद्द आवाज आला. माझ्या आधी तो तिने ओळखला.