गाय व्याली, पण चीक आधी कुणाचा?

सातारा-सांगलीकडच्या गावात गाय व्याली की शेजारची पहिली चौकशी असते, खोंड झालं की कालवड? दुसरी चौकशीही ठरलेली असते : ‘चीक निघाला का?’

शहरात हा शब्द जवळपास विसरला गेला आहे. तिथे माहीत आहे तो खरवस. पण खरवस म्हणजे ताटात आलेली वडी. चीक म्हणजे व्यायल्यावर कासेतून निघणारं पहिलं दाट, पिवळसर दूध. पशुवैद्यकाच्या भाषेत कोलोस्ट्रम. या पट्ट्यात चीक हा शब्द एकाच कामाचा नाही. रुईचा चीक असतो, कैरीच्या देठाचा असतो, कुरडईसाठी गहू भिजवून काढतात तोही चीकच. कणसात दाणा भरू लागला की ज्वारी ‘चिकात आली’ म्हणतात. जतच्या कन्नडभाषक गावांत याच पहिल्या दुधाला ‘गिण्णु’ म्हणतात. संस्कृतात नव्या व्यायलेल्या गाईच्या दुधाला ‘पीयूष’ हा शब्द आहे, अमृताचाच दुसरा अर्थ. आज पीयूष म्हटलं की श्रीखंडाच्या चवीचा पेला आठवतो, तो भाग वेगळा.

वासराला घाई कशाची?

माणसाच्या बाळाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यांचा काही साठा गर्भात असतानाच मिळतो. वासराला तो जवळपास मिळतच नाही. गाईची वार अशा रचनेची असते की ही द्रव्यं रक्तातून पलीकडे जात नाहीत. ती सगळी चिकात उतरतात. म्हणून वासरू जन्मतं ते जवळजवळ निःशस्त्र, आणि त्याचं शस्त्र कासेत असतं.

त्याला मुदतही आहे. नवजात वासराची आतडी ही द्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेऊ शकतात, पण ही क्षमता तासागणिक घटते आणि साधारण 24 तासांत संपते. त्यानंतर पाजलेला चीक पोटाला चांगलाच, पण रक्तात संरक्षण पोचत नाही. पुढे हगवण किंवा न्यूमोनियाने वासरू दगावलं की दोष हवेला, पाण्याला, नाहीतर कुणाच्या तरी नजरेला दिला जातो.

चूक बहुधा पहिल्या रात्रीच झालेली असते. ‘वार पडल्याशिवाय पाजायचं नाही’ ही समजूत अनेक गोठ्यांत अजून आहे. वार पडायला आठ-बारा तास सहज लागतात, म्हणजे सर्वांत मोलाचे तास वाट पाहण्यात जातात. खरं तर वासरू लुचू लागलं की गाईच्या शरीरात पान्ह्याचं जे संप्रेरक सुटतं, त्यानेच गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदत होते. तालुक्याच्या दवाखान्यापासून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत कुणालाही विचारा, सांगणं एकच असेल : पहिल्या एक-दोन तासांत पाजा. प्रमाण वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं. संकरित गाईचं 30 किलोचं वासरू असेल तर सुमारे तीन लिटर, एका वेळी नाही तर दोनदा-तीनदा करून. खिलार वासरू लहान असतं, त्याला कमी पुरतं.

गंमत म्हणजे चिकाचा कस जोखायचं साधन या भागाला नवीन नाही. उसाची आणि तासगावच्या द्राक्षांची गोडी ज्या ब्रिक्स मीटरवर पाहतात, त्यावरच चीकही तपासता येतो. काच 22 किंवा त्याहून जास्त दाखवत असेल तर चीक कसदार. नुसता पिवळा रंग पाहून फसायला होतं.

मग खरवसाचं काय?

खरवस सोडायची गरज नाही. चांगली संकरित गाय पहिल्या दिवशी वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक देते. वासराचं झालं की उरलेला घरात यावा. गूळ, वेलदोडा, जायफळ घालून वाफवला की तो विरजण न लावताही थिजतो, कारण त्यातली प्रथिनं नेहमीच्या दुधाच्या कितीतरी पट असतात आणि उष्णतेने ती घट्ट होतात. पहिला चीक इतका दाट असतो की त्यात साधं दूध मिसळावं लागतं, नाहीतर वडी रबरासारखी होते. गावात हा चीक विकायचा नसतो, वाटायचा असतो, असं मानतात. अलीकडे मात्र शहरात त्याला चांगला भाव मिळतो आणि बाटलीत भरलेला चीक वासराच्या आधी एसटी पकडतो. काळजी आहे ती याची. जास्तीचा चीक फ्रीजरमध्ये ठेवला तर आईला पान्हा न आलेल्या दुसऱ्या वासरालाही तो उपयोगी पडतो. कोमट पाण्यात ठेवून हळूहळू वितळवायचा. थेट गॅसवर ठेवला तर त्याचा खरवसच होईल.

डेअरीला मात्र हे दूध चालत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार विक्रीच्या दुधात चीक असता कामा नये, आणि तापवताना तो सगळं दूध फाडतो. त्यामुळे गोठ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी वाटीभर दूध उकळून पाहतात. गाठी धरल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवसापासून किटली संकलन केंद्रावर जाते.