प्रमाणपत्र मोबाईलवर, जबाबदारी परिचारिकेवर!

रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रशिक्षणात आता ‘ब्लेंडेड लर्निंग’, म्हणजेच मिश्र शिक्षण आले आहे. अर्धे शिक्षण मोबाईल-संगणकावर, अर्धे प्रत्यक्ष हाताने करून. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत केंद्र सरकारने ‘दीक्षा’ मंचावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ‘आयगॉट’चे अभ्यासक्रम सुरू केले. टाळेबंदीत दुसरा मार्गही नव्हता.

या पद्धतीला आमचा विरोध नाही. तालुक्याच्या परिचारिकेला गाव न सोडता शिकता येते, न समजलेला धडा पुन्हा पाहता येतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे औषध देण्याचे पाच नियम पडद्यावर उत्तम समजतात. परंतु हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबायची असते. हे आकडे पडद्यावर पाठ होतील. त्यासाठी किती जोर लावायचा, हे सरावाच्या पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय कसे कळणार?

आमचा आक्षेप इथेच आहे. पुतळा, पाठ्यनिर्देशिका आणि ड्युटीतून मोकळीक यांना पैसा लागतो. म्हणून स्वस्तातला अर्धा भाग ठेवायचा आणि खर्चाचा गाळायचा, ही पळवाट सोपी आहे. मग रात्रपाळी करून घरी आलेल्या भगिनीने स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या रिचार्जवर धडे पुरे करायचे! याला शिक्षण म्हणायचे की वेठबिगारी?

वकील म्हणून आम्हाला यात आणखी एक धोका दिसतो. उद्या वॉर्डात चूक झाली तर चौकशीत हेच प्रमाणपत्र तिच्यापुढे ठेवले जाईल. ‘तुम्ही प्रशिक्षित होता ना?’ जे हाताला कधी शिकवलेच नाही, त्याचा दोष तिच्या माथी आणि प्रशासन नामानिराळे!

कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती निर्माण करावी, असे राज्यघटनेचे कलम ४२ राज्याला सांगते. प्रशिक्षण सक्तीचे असेल तर ते कामच आहे. त्याचे तास ड्युटीत धरा. प्रत्यक्ष सरावाची परीक्षा घेतल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नका. कायम आणि कंत्राटी असा भेदही नको. रुग्ण दोघींच्याही हाती सारखाच असतो.

आणि परिचारिका भगिनींनो, सराव न होताच ‘सराव झाला’ म्हणून सही मागितली तर देऊ नका. सराव झालेला नाही, असे लेखी कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा. तोच कागद उद्या तुमची ढाल होईल.