‘लहान नव्हे’ म्हणजे केवढें?

इंग्रजी लेखक मोठेपणा पुष्कळदां सरळ न सांगतां निषेधाच्या वाटेनें सांगतात. मोठ्या रकमेस ते ‘नो स्मॉल सम’ म्हणतात, भारी खर्चास ‘नॉट इन्कन्सिडरेबल’ म्हणतात. या उक्तिप्रकारास त्यांच्याकडे ‘लायटोटीझ’ असें नांव असून तें ‘साधा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलें आहे.

शिक्षकी पेशांत असतांना याच बाबतींत आमच्या हातून एक अन्याय घडला. एका विद्यार्थ्यानें ‘नो स्मॉल सम’ याचें भाषांतर ‘बरीच मोठी रक्कम’ असें केलें. आम्ही तांबड्या शाईनें तें खोडून ‘लहान नसलेली रक्कम’ असें लिहिलें व गुण कापले. जें लहान नाहीं तें मध्यमही असूं शकेल, हा आमचा तर्क. परंतु भाषा केवळ तर्कानें चालत नाहीं. ‘नॉट स्मॉल’ यांत मध्यमास कधीं कधीं जागा असते. ‘नो स्मॉल’ यांत ती नसते. तसेंच ‘नॉट बिगर दॅन अ पी’ म्हणजे फार तर वाटाण्याएवढें. पण ‘नो बिगर दॅन अ पी’ म्हणजे वाटाण्याएवढेंच चिमुकलें. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत संत पॉल आपल्या तार्सस नगरीस ‘नो मीन सिटी’ म्हणतो, तेथें ती मध्यम प्रतीची असल्याचें तो सांगत नाहीं. त्या शब्दांत जन्मभूमीचा अभिमान आहे.

शरमेची गोष्ट ही कीं, संस्कृतानें आम्हांस हें आधींच शिकविलें होतें. वैयाकरणांनीं नञाचे जे सहा अर्थ सांगितले त्यांत अल्पता हा एक आहे. ‘अनुदरा कन्या’ म्हणजे पोटच नसलेली मुलगी नव्हे, तर कृशोदरी. घरींही आपण ‘हें कांहीं थोडकें नाहीं’ म्हणतों, तेव्हां ऐकणारा ‘पुष्कळ’ असेंच समजतो.

या लकबीचा अतिरेक मात्र वाईट. जॉर्ज ऑर्वेल यांनीं १९४६ सालच्या एका निबंधांत ‘नॉट अन्’च्या खोडीची यथेच्छ थट्टा केली आहे. विनयासाठीं किंवा उपरोधासाठीं ती शोभते; स्पष्ट बोलणें टाळण्यासाठीं वापरली म्हणजे वाचकाची फसगत होते. म्हणून मुलांना शब्दाबरोबर बोलणाराचा हेतुही पाहावयास शिकवावें.

त्या विद्यार्थ्याचे गुण आतां परत करतां येत नाहींत. आमची चूक लहान नव्हती. आणि या वाक्याचा अर्थ वाचकांनीं आमच्या त्या वेळच्या रीतीनें लावूं नये.