मोरी म्हणजे जंगल!

मुलांनो, ‘मोरी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बादली, तांब्या, ओली फरशी आणि ‘आधी पाय धुऊन घे’ म्हणून मागे लागलेली आजी. जपानी मुलांच्या डोळ्यांपुढे मात्र उंच उंच झाडं येतात. त्यांच्या भाषेत मोरी म्हणजे जंगल! आमच्या भांडुपच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा पाच मिनिटं नुसता हशा. पण तो शब्द काही कोणी विसरलं नाही.

जपानी म्हणजे कॉलेज झाल्यावर, पुण्याला जाऊन, नोकरीसाठी शिकायची भाषा, असं पुष्कळ पालकांना वाटतं. त्यांना गाडीवाटची हकिकत सांगायला हवी. हे गाव छत्रपती संभाजीनगरपासून साधारण २५ किलोमीटरवर आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ साली चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, ‘परदेशी भाषा शिकायची तर कोणती?’ बहुतेकांनी जपानी सांगितली, कारण त्यांना यंत्रमानवाचं वेड! धड पुस्तक नाही, जपानी येणारे शिक्षक नाहीत. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून सुरुवात झाली. मग २०२० मध्ये शहरातले एक भाषातज्ज्ञ आपणहून पुढे आले आणि मुलांना फुकट शिकवू लागले.

यंत्रमानव आपण नंतर बघू. आज झाडांपासून सुरुवात करू, कारण त्यात नुसती चित्रं काढायची आहेत. वही घ्या बघू.

एक आडवी रेघ मारा. तिला मधोमध छेदत वरून खाली उभी रेघ ओढा. दोघी भेटतात तिथून एक तिरकी रेघ डावीकडे खाली, दुसरी उजवीकडे खाली. झालं झाड! याचा उच्चार ‘की’. ‘चहा की कॉफी’मधला ‘की’, तसाच. अशी दोन झाडं शेजारी शेजारी काढली, की ‘हायाशी’. खाली दोन आणि त्यांच्या डोक्यावर एक, अशी तीन काढली, की आपली ‘मोरी’. जपानी मुलं ही तिन्ही चिन्हं पहिलीतच शिकतात. पहिलीला त्यांना अशी ८० चिन्हं असतात बरं का! आता बाराखडीची कुरकुर बंद.

आणखी गंमत पुढेच आहे. झाडाच्या बुंध्यावर खाली एक छोटी आडवी रेघ द्या, की अर्थ होतो ‘मूळ’. या चिन्हाचा एक उच्चार ‘होन’. त्याच्याआधी सूर्याचं चिन्ह ठेवलं, की झालं ‘निहोन’, म्हणजे जपान. सूर्य जिथून उगवतो तो देश! झाडाच्या डाव्या बाजूला माणूस उभा केला, तर अर्थ होतो ‘विश्रांती घेणं’. वडाखाली टेकलेला वाटसरू आठवला ना? बांबूला मात्र या झाडांच्या घरात जागा नाही. त्याचं नाव ‘ताके’ आणि त्याचं चिन्ह अगदी वेगळं. बरोबरच आहे, बांबू गवताच्या कुळातला. आपल्या १९२७ सालच्या वन कायद्यात तो ‘झाड’ म्हणून नोंदला होता. ते नाव व्याख्येतून काढायला २०१७ साल उजाडावं लागलं!

आता झाडाचे भाग. ‘मी’ म्हणजे फळ. (म्हणजे जपानमध्ये जाऊन ‘मी, मी’ केलंत, तर हातात फळ मिळेल का कोण जाणे!) ‘ने’ म्हणजे मूळ, ‘एदा’ म्हणजे फांदी, ‘ताने’ म्हणजे बी आणि ‘मिकी’ म्हणजे खोड. ‘मे’ म्हणजे कळी, कोंब, आणि ‘मे’ म्हणजे डोळासुद्धा. ‘हाना’ म्हणजे फूल, आणि नाकही. ‘हा’ म्हणजे पान, आणि दातही. लिहिताना चिन्हं वेगवेगळी, पण ऐकायला जवळजवळ सारखं. झाडालाही चेहरा असतो असंच म्हणा ना.

पालकांना एक सांगते. मराठी मुलांना ही भाषा वाटते तितकी परकी नाही. ‘झाडाचं पान’ म्हणायचं तर ‘की नो हा’. की म्हणजे झाड, नो म्हणजे चं, हा म्हणजे पान. क्रम सगळा आपलाच! याचंच दुसरं रूप ‘कोनोहा’. नारुतोची कार्टून बघणाऱ्यांचे कान आता टवकारले असतील, त्याच्या गावाचं नाव तेच. ‘मोरी नि इकु’ म्हणजे जंगलात जातो, क्रियापद शेवटी. त्यांची वर्णमालासुद्धा अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे क, स, त, न... कारण जुन्या काळी बौद्ध भिक्खू संस्कृत अक्षरं शिकले आणि त्या क्रमाचा ठसा तिथे उमटला.

आम्ही वहीत दोन रकाने केले, एक जपानी, एक मराठी. जपानी भराभर भरला. गाडी अडली ती मराठीपाशी! ‘हायाशी’ला काय म्हणायचं? मुलं म्हणाली, ‘छोटं जंगल.’ मी म्हटलं, राई. तर सगळ्यांना फोडणीतली मोहरीच आठवली. पण आमराई त्यांना ठाऊक होती, देवराई ऐकलेली होती. शब्द घरातच होता, नुसता सापडत नव्हता.

‘कोमोरेबी’चं तसंच. झाडांच्या पानांतून गाळून येणारं ऊन म्हणजे कोमोरेबी. याला दुसऱ्या भाषेत शब्दच नाही, असं मोठी माणसंही कौतुकाने सांगतात. अहो, आपला ‘कवडसा’ काय वाईट आहे? तो कौलातूनही येतो आणि पानांतूनही.

देवराईसारखी जपानात ‘चिंजु नो मोरी’ असते, गावाच्या राखणदार देवाची राई. (हा ‘नो’ ओळखलात ना?) अकिरा मियावाकी या शास्त्रज्ञांनी अशाच राया हिंडून, मूळची झाडं कोणती ते शोधलं आणि थोड्या जागेत देशी झाडांचं दाट वन वाढवायची पद्धत काढली. २०२१ साली ते वारले, पण त्यांच्या पद्धतीने मुंबई महापालिका २०२० पासून शहरात वनं लावते आहे. मुलं विचारतात, ‘बाई, मियावाकी झाड कसं असतं?’ मियावाकी झाडाचं नाव नव्हे रे, माणसाचं! आणि त्या आडनावाचा अर्थ तरी बघा, ‘देवळाशेजारचा’. अशी वनं व्हावीत, पण भांडुपच्या डोंगरामागे राष्ट्रीय उद्यानाचं जे रान आहे, त्याची बरोबरी दोन-चार वर्षांत वाढवलेल्या वनाला येईल असं मला वाटत नाही.

स्टेशनच्या पूर्वेला, पंपिंग स्टेशनकडे फ्लेमिंगो बघायला तुमच्यापैकी काही जण गेले असतील. तिथे खाडीच्या चिखलात उभी असलेली झाडं कोणती? वर्गात एकच उत्तर आलं, ‘मॅन्ग्रोव्ह.’ जपानी माणसंही बहुतेक वेळा ‘मानगुरोबु’च म्हणतात, बाहेरून आलेला शब्द. पण आपल्याकडे? दुसऱ्या दिवशी भांडुप गावातली एक मुलगी आजीला विचारून आली. आजी म्हणाली होती, ‘मॅन्ग्रोव्ह कसलं गं, तिवर ती!’ मराठी रकान्यात तिवर गेलं, शेजारी कांदळवनही गेलं.

आता आम्ही तिसरा रकाना आखला आहे, पान चिकटवायला. तुम्हीही आखा. पान मात्र जमिनीवर पडलेलंच घ्यायचं हं, तोडलेलं नाही. आणि मराठी रकाना अडला, तर आधी आजी-आजोबांना विचारायचं.