संलग्न कादंबरी, प्रतिष्ठित कादंबरीकार आणि औंढ्याची नाममुद्रा

चित्रपट, दूरचित्रवाणीवरील मालिका किंवा तत्सम माध्यमातून रूढ झालेले एखादे काल्पनिक विश्व, त्यातील पात्रे व परिभाषा यांसह उचलून, त्या विश्वाच्या धन्याच्या अनुज्ञेने दुसऱ्याच लेखकाने लिहिलेली कादंबरी, असा एक वाङ्मयप्रकार इंग्रजीत गेल्या साठ वर्षांत स्थिरावला आहे. मराठीत त्यास रूढ नाव नाही; प्रस्तुत लेखात ‘संलग्न कादंबरी’ हा शब्द योजिला आहे. हा प्रकार मुख्यतः विज्ञानकथेच्या प्रदेशात वाढला. त्याच्या वाचकवर्गाची एक सवय अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. अमुक एका नामवंत कादंबरीकाराने आपल्या आवडत्या विश्वात एक तरी पुस्तक लिहावे, अशी इच्छा हे वाचक वारंवार बोलून दाखवितात आणि तशा नावांच्या याद्याही करतात. या इच्छेत नेमके काय मागितले जाते, आणि मराठी वाचकाने अशी इच्छा धरली तर तिला कोणता आधार सापडेल, हे पाहण्याचा येथे उद्देश आहे.

ही इच्छा सर्वस्वी निष्फळ ठरली असे नाही. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या कथांचे ग्रंथरूप 1967 पासून जेम्स ब्लिश यांनी केले आणि 1970 मध्ये त्याच विश्वात एक स्वतंत्र कादंबरीही लिहिली. ब्लिश हे त्यापूर्वीच, 1959 मध्ये, ह्यूगो पारितोषिक मिळविलेले लेखक होते. ‘द फॉरेव्हर वॉर’कार जो हॉल्डमन यांनी 1977 मध्ये याच मालिकेसाठी कादंबरी लिहिली. मायकेल मूरकॉक यांच्यासारख्या स्वतंत्र वृत्तीच्या कादंबरीकाराने 2010 मध्ये ‘डॉक्टर हू’च्या विश्वात प्रवेश केला. मोठा लेखक अशा ठिकाणी काय आणतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र आयझॅक ॲसिमॉव्ह यांचे आहे. ‘फँटॅस्टिक व्हॉयेज’ या चित्रपटाच्या पटकथेवरून त्यांनी 1966 मध्ये कादंबरी लिहिली. सूक्ष्म आकारात रुग्णाच्या शरीरात सोडलेली पाणबुडी चित्रपटात तेथेच राहून जाते. ती काही काळाने मूळ आकारास येणार असेल तर रुग्णाचे काय होईल, हा प्रश्न चित्रपटाने विचारला नाही. ॲसिमॉव्ह यांनी तो विचारला आणि आपल्या पात्रांकरवी ती पाणबुडी बाहेर काढविली. दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून आलेल्याने घरधन्याच्या नजरेतून सुटलेली भिंतीची भेग दाखवावी, तसे हे झाले.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही आहे. ‘स्टार वॉर्स’ची पहिली कादंबरी 1976 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर चित्रपटकर्ते जॉर्ज लुकस यांचे नाव होते; लिहिणारे होते ॲलन डीन फॉस्टर. येथे लेखकाची मुद्रा पूर्णतः विश्वाच्या धन्याच्या मुद्रेत बुडाली आहे. संलग्न कादंबरीचा मूळ पेच या दोन टोकांमध्ये आहे: विश्व कोणाचे, वाणी कोणाची आणि ग्रंथावर नाव कोणाचे? नामवंताची मागणी करणारा वाचक विश्व तेच ठेवू इच्छितो, पण वाणी निराळी मागतो. हा पेच इंग्रजी बाजारपेठेने निर्माण केला, असे समजण्याचे कारण नाही. मराठीत तो कित्येक शतके जुना आहे आणि त्याचा एक धागा औंढा नागनाथ येथे सापडतो.

1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील हे तीर्थक्षेत्र बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने दाखविले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. गोरोबांनी ‘कच्चे मडके’ ठरविलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढ्यास आले, तेथे पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले विसोबा खेचर त्यांना भेटले, आणि जेथे पिंडी नाही तेथे हे पाय ठेव असे विसोबांनी सांगितल्यावर नामदेवांस उपदेश झाला, ही कथा मराठी वाचकास नवीन नाही. दुसरी कथा देऊळ फिरल्याची. पुजाऱ्यांनी नामदेवांस मंदिरामागे घालविले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून वळले, अशी श्रद्धा आहे. देऊळ फिरल्याचा हा प्रसंग शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातील नामदेवांच्या 61 पदांतही आला आहे. नरसीपासून पंजाबपर्यंत ज्याला हे विश्व ठाऊक नाही असा श्रोता विरळा. आणि संलग्न लेखनाची पहिली अट नेमकी हीच आहे.

नामदेवांच्या नावावर आज जी गाथा छापली जाते, तीत दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. ते सर्व एका कवीचे नाहीत, हे संशोधकांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. ओवीबद्ध महाभारत रचणारा विष्णुदास नामा हा मूळ नामदेवांहून पुष्कळ उत्तरकालीन. त्याची रचना गाथेत मिसळली आहे. अन्य कोणी ‘नामा’ही तीत असावेत. पाठचिकित्सकाच्या दृष्टीने हा घोटाळा होय. परंतु ख्रिश्चन नोव्हेट्स्की यांनी 2008 च्या आपल्या ग्रंथात या बहुकर्तृत्वाकडे चूक म्हणून न पाहता स्मरणाची एक परंपरा म्हणून पाहिले आहे, आणि ते अधिक फलदायी आहे.

भाषाभ्यासकास येथे आणखी एक गोष्ट जाणवेल, ती ‘नामा म्हणे’ या मुद्रेच्या व्याकरणाची. कवी स्वतःविषयी बोलत असूनही क्रियापद तृतीय पुरुषी आहे. शिवाय ‘म्हणे’ हे रूप बोलीत केव्हाच क्रियापदाची मर्यादा ओलांडून ऐकीवतेचे अव्यय झाले आहे. ‘तो म्हणे काल परतला’ असे म्हणणारा त्या बातमीची जबाबदारी स्वतःवर घेत नाही. अभंगातील ‘म्हणे’ हे अव्यय नव्हे, हे खरे. तथापि दोहोंमागील वृत्ती एकच आहे: बोलणारा एक आणि ज्याच्या नावे बोलले जाते तो दुसरा असू शकतो. ‘मी म्हणतो’ असे लिहिणाऱ्या कवीच्या जागी दुसऱ्यास बसता येत नाही. ‘नामा म्हणे’ या चौकटीत कोणीही बसू शकतो. मुद्रेने दार उघडे ठेवले होते आणि शतकानुशतके कवी त्यातून आत आले. फॉस्टर यांनी लुकस यांच्या नावाने लिहिले ते व्यवहार म्हणून. विष्णुदास नाम्याच्या मागे असा व्यवहार नव्हता. रचनेची घडण मात्र विलक्षण सारखी आहे.

आधुनिक मराठी कादंबरीने हे दार बंद केले, पण ते चमत्कारिक रीतीने. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ 1959 ची, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 ची. दोन्ही महाभारताच्या विश्वातील, म्हणजे आपल्या अर्थाने संलग्नच; फक्त या विश्वाचा धनी कोणी नाही. दोन्ही कादंबऱ्यांत पात्रे प्रथम पुरुषात बोलतात. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. कर्ण, कुंती, दुर्योधन हेही तसेच. ‘नामा म्हणे’च्या जागी ‘मी’ आला आणि विश्व सामाईक राहूनही वाणी खाजगी झाली. ‘मृत्युंजय’मधील कर्णाचा ‘मी’ सावंतांचा आहे. त्यात दुसऱ्याला शिरता येत नाही. रणजित देसाई यांस 1973 मध्ये ‘राधेय’साठी आपला निराळा कर्ण घडवावा लागला. दि. बा. मोकाशी यांची ‘आनंदओवरी’ तुकारामांच्या विश्वात शिरते ती त्यांचा भाऊ कान्होबा याच्या मुखातून, म्हणजे ज्याच्या बोलण्याला पूर्वीची मुद्रा चिकटलेली नाही अशा पात्राच्या आडून. ही निवड मोठी मार्मिक आहे. यावरून इतके तरी म्हणता येईल की, प्रतिष्ठित कादंबरीकाराने दुसऱ्याच्या विश्वात लिहिणे मराठी वाचकास कमीपणाचे वाटत नाही. खांडेकरांस 1974 चे ज्ञानपीठ मिळाले तेव्हा नाव घेतले गेले ते ‘ययाति’चे.

मग विज्ञानकथेतच हे का घडले नाही? कादंबरीकारांस विज्ञानाचे वावडे आहे, हे नेहमीचे उत्तर पुरेसे नाही. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहून राजकीय कादंबरीत अग्रस्थान मिळविलेल्या अरुण साधू यांनी ‘स्फोट’ व ‘विप्लवा’ या विज्ञानकादंबऱ्या लिहिल्या. म्हणजे वाचकांच्या इच्छायादीतील नाव प्रत्यक्षात आले होते. परंतु ती विश्वे त्या त्या पुस्तकाबरोबर मिटली. दुसऱ्याने उचलावे असे सामाईक भांडवल, म्हणजे नावे, संज्ञा, स्थळे, पात्रांचे परस्परसंबोधन, त्यांतून साचले नाही. मराठी विज्ञानकथा बहुतांशी लघुकथेच्या रूपात वाढली आणि प्रत्येक लेखकाने आपले अवकाशयान नव्याने बांधले. वाचकाने नामवंत लेखक मागायचा तो कोणत्या विश्वासाठी, हाच प्रश्न शिल्लक राहतो.

जयंत नारळीकरांचे उदाहरण या संदर्भात उलट्या बाजूने उद्बोधक आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या विज्ञानरंजन कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. स्वतःची आद्याक्षरे, ज-वि-ना, उलट करून त्यांनी हे नाव बनविले होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढे 1975 मध्ये कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी मराठी विज्ञानकथेची दखल घेतली आणि या प्रकारास प्रतिष्ठेचे दार उघडले. संलग्न कादंबरीचा वाचक मोठे नाव मागतो. नारळीकरांनी मोठे नाव लपवून कथेचे मोल करविले. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी मात्र ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही 1961 ची बीबीसीवरील मालिका जॉन एलियट यांच्यासह लिहून पुढील वर्षी तिची कादंबरीही केली. म्हणजे त्यांना संलग्न लेखनाचे वावडे नव्हते. नारळीकरांचे 20 मे 2025 रोजी निधन झाले. प्रचलित कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. तेव्हा त्यांच्या कथाविश्वांत पुढे कोणास लिहावयाचे झाल्यास ते ‘नाम्या’इतके मोकळेपणाने 2085 पर्यंत लिहिता येणार नाही.

हे सर्व औंढ्यास येऊन मिळते ते एका योगायोगाने. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. तिला केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी 2016 मध्ये आणि सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मान्यता एप्रिल 2023 मध्ये मिळाली. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर किरण सोडून, दूरच्या विश्वघटनेमुळे त्यांच्या लांबीत पडणारा फरक मोजावयाचा. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही लहान असू शकतो. अमेरिकेतील अशाच यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिला संकेत टिपला. तो सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षे दूर झालेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा होता. नारळीकरांनी कथेचे शीर्षक म्हणून वापरलेला शब्द पन्नास वर्षांनी एका तालुक्याच्या व्यवहारात येऊ घातला आहे. प्रकल्पातील सहभागी संस्थांपैकी पुण्याची आयुका त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झालेली. रस्त्यावरील वाहनांचीच काय, दूरच्या समुद्रलाटांची कंपनेही ज्यास जाणवतात असे हे यंत्र आहे. आणि ते ज्या मुलखात येत आहे तेथे टाळमृदंगाच्या गजराने देऊळ फिरल्याची कथा सांगितली जाते. कादंबरीकारास यापेक्षा अधिक काय हवे?

संलग्न कादंबरीस लागणारी पहिली अट, सर्वांना ठाऊक असलेले स्थळ, येथे पूर्ण होते. दुसरी अट भाषेची, आणि खरा प्रश्न तेथे आहे. वेधशाळेची मराठी परिभाषा आज बहुतांशी वृत्तपत्रांतील भाषांतरांतून घडते आहे. ‘गुरुत्वीय लहरी’, ‘निर्वात नळी’, ‘व्यतिकरणमापक’ हे शब्द कोणाच्या तोंडी संवादात आल्याचे अद्याप विरळाच आढळेल. संज्ञा कोशात शिरते ती समितीच्या निर्णयाने. ती भाषेत मुरते ती पात्राने रागात, थट्टेत किंवा घाईत उच्चारल्यावर. रात्रपाळीवरचा तंत्रज्ञ, नळीच्या कडेने शेत असलेला शेतकरी, नागनाथाचा पुजारी आणि वसमतहून रोज येणारी शिक्षिका या यंत्रास काय म्हणतात, हे कोशकार ठरवू शकत नाही. तीन-चार समर्थ कादंबरीकार मिळून ठरवू शकतात. येथे ‘मिळून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाने वेधशाळेला दिलेले नाव दुसऱ्याने घ्यावे, एकाचा तंत्रज्ञ दुसऱ्याच्या कादंबरीत म्हातारा होऊन भेटावा, आणि तिसऱ्याने दोघांच्या नजरेतून सुटलेली पाणबुडी बाहेर काढावी, असे घडल्यासच विश्व सामाईक होईल. मराठी वाचकाने इच्छायादी करावयाचीच असेल तर ती एका लेखकाच्या नावाची न करता, एकमेकांची पात्रे वापरण्याची अनुज्ञा परस्परांस देण्यास तयार असलेल्या लेखकांची करावी. स्वामित्वहक्काच्या कायद्यात अशा अनुज्ञेला अडथळा नाही. अडथळा आहे तो ‘मृत्युंजय’नंतर रूढ झालेल्या ‘मी’चा; आणि तो व्याकरणाचा नसून सवयीचा आहे.